एकोणसत्तर यार्ड आणि माझी पाठ

विल्बर, नेब्रास्का
सोमवार, जानेवारीचा पहिला आठवडा

प्रिय लिओनर्डदादा,

धाकट्या मायलोचा नमस्कार. थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी दिलेली आंबवलेल्या कोबीची बरणी डेन्व्हरला जाताना गाडीत सांडली, त्यामुळे जाता-येता पाचशे-पाचशे मैल आम्हाला तुमची सारखी आठवण येत होती. इकडे सगळं ठीक. आपल्या रॉडनीने फुटबॉलमध्ये सगळ्यांत लांबून दोन खांबांमधून बॉल मारायचा विक्रम केला हे तुम्हाला कळलंच असेल, पण तो कसा झाला ते माझ्याकडून ऐका, कारण मी तिथे होतो.

तुम्हाला माहीतच आहे, रॉडनी किक मारायला आला की मी मैदानाकडे पाठ करतो. शाळेच्या शेवटच्या सामन्यात मी डोळे फाडून पाहिलं आणि जेमतेम वीस यार्डांवरून त्याचा बॉल खांबांच्या बाहेर गेला, तेव्हापासूनचा हा नेम. सोळा वर्षं मी पोराचा खेळ मागच्या रांगेतल्या लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिला. (मागे एक दातांचा डॉक्टर बसतो. बॉल खांबांमधून गेला की तो टोपी काढतो, नाही गेला की बायकोकडे रागाने बघतो. रेडिओपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.) आमच्या जागा पिवळ्या खांबांच्या बरोबर मागे. गर्दीत पोराला आई-बाप सापडावेत म्हणून डार्लीनने मला शिकारीचा नारिंगी कोट घेतलाय आणि त्याच्या पाठीवर रॉडनीचा तीन नंबर हातभर उंचीचा शिवलाय.

पण रॉडनीचा हा शेवटचा हंगाम. कंबर साथ देत नाही. सप्टेंबरात फोनवर म्हणाला, "बाबा, सोळा वर्षं मी तुझ्या पाठीला किक मारून दाखवतोय. एकदा तरी तोंड इकडे कर." मी शब्द दिला आणि तो दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत आणला. काल मात्र पुढचा रविवारच उरला नव्हता.

मध्यंतराला दोन सेकंद बाकी असताना प्रशिक्षकाने त्याला एकोणसत्तर यार्डांवरून मारायला पाठवलं. एवढ्या लांबून आजवर कुणाचा बॉल गेलेला नाही. डेन्व्हरची हवा विरळ, शिवाय हरवण्यासारखं काही नाही, म्हणून पाठवायचं एवढंच. डार्लीनने माझी कॉलर धरून मला मैदानाकडे वळवलं आणि मी खरोखर पाहिलं. बॉल मागे फेकला जाणार तेवढ्यात समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने खेळ थांबवायला सांगितलं. (ही त्यांची जुनी खोड. किक मारणाऱ्याला विचार करायला एक मिनिट दिलं, की निम्मं काम होतं.) शिट्टी वाजली, पण रॉडनीचा पाय निघाला होता. बॉल उडाला आणि खांबांच्या बराच अलीकडे दमलेल्या बदकासारखा खाली बसला. हा प्रयत्न धरायचा नव्हता, म्हणून साठ हजार माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. तो बॉल कुणामुळे पडला हे त्यांतल्या एकालाच ठाऊक होतं.

ते एक मिनिट मी कसं काढलं ते विचारू नका. पण शब्द म्हणजे शब्द. पुन्हा बॉल आला, धरणाऱ्याने तो टेकवला, रॉडनीने पाय घातला आणि बॉल गेला तो गेलाच. डाव्या खांबावर टण्णकन आपटला, आत वळला आणि दांडीवरून पलीकडे पडला. मग लोक जे उसळले त्यात माझा एक बूट हरवला.

सामन्यानंतर रॉडनीने विचारलं, "पाहिलंस ना?" म्हटलं, "पाहिलं की. तो डावा खांब माझ्या जन्मभर लक्षात राहील." त्याने माझ्या पाठीवरच्या तीन नंबरावर थाप मारली आणि म्हणाला, "रविवारी घरी येतोय. तेव्हा सगळं नीट सांग." पोराला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं असावं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मायलो

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. दुसऱ्या किकला मी डॉक्टरकडे बघत होतो. त्याचं तोंड नेमकं चीज घातलेल्या चिप्सच्या डब्यात होतं, म्हणून डार्लीनला विचारलं. डावा खांब तिचा. परतताना ओगलालाच्या पेट्रोल पंपावर तिने कबूल केलं की तिनेही डोळे मिटले होते आणि 'टण्ण' झालं म्हणून तिने खांब धरला. ती कुणाची तरी बाटली असावी, कारण रेडिओ म्हणतो, बॉल मधोमध गेला आणि कशालाही लागला नाही. तुम्ही अजून प्रत्येक सामना टेपवर उतरवता (त्यावर मी हसलो होतो, माफ करा). तेवढी टेप पत्र मिळताच टपालाने पाठवा. रविवारपूर्वी मला हा विक्रम पाहिलेला असायला हवा.

ता. क. २. पाठवण्याआधी तुम्ही ती पुन्हा लावून बघू नका. शाळेच्या त्या सामन्यात तुम्हीही माझ्या शेजारी बसून डोळे फाडून बघत होतात.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात रॉडनीचा फोन आला. म्हणाला, "बाबा, पहिल्या वेळी तुझं तोंड दिसलं आणि माझा पाय लटपटला. सोळा वर्षं मी त्या तीन नंबरावर नेम धरतोय. तू पुन्हा पाठ केलीस तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला." टेप पाठवाच. किक राहू दे, मला ती पाठ एकदा बघायची आहे.