दगडांचे पीक

बाबा,

तुमच्यावर मला राग आला आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली तरी तो आवरत नाही. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कमिटीने जुन्या मासिकांतील आपल्या भागाची छायाचित्रे मोठी करून लावली आहेत. बोरिवलीची खाडी आहे, ताडांची रांग आहे, गावठाणातील विहीर आहे. पाहत पाहत पुढे सरकलो आणि तुमच्यासमोर येऊन थांबलो. हातात कोयता, भार एका पायावर, मान किंचित तिरपी. मागे आपले काळे पडलेले शेत, ज्यावर आज हा टॉवर उभा आहे. खाली छापले आहे : ‘उपनगरातील पडीक जमीन. येथे दगडांखेरीज काही पिकत नाही, असे खुद्द शेतकरी सांगतो.’

पडीक! पावसाआधी भाताच्या रोपांसाठी शेण आणि पालापाचोळा पसरून तुम्ही राब भाजला होता, म्हणून जमीन काळी होती. छायाचित्र काढणाऱ्या त्या शहरी माणसाला हे कळले नाही, ते मी समजू शकतो. तुम्हाला तर कळत होते! तो दिवस मला स्वच्छ आठवतो. गळ्यात कॅमेरा अडकवलेला तो गृहस्थ बुटांना राख लागू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकतो आहे आणि विचारतो आहे, “इथे काय पिकतं हो?” चेहऱ्यावरची रेषही न हलवता तुम्ही सांगता, “दगडं पिकतात, सायेब. यंदा पीक जोरात हाय. नेता का टोपलीभर?” आई पदर तोंडाशी धरून पाठ फिरवते. तो मात्र हसत नाही. मान डोलावून लिहून घेतो.

भात पिकते, एवढे सांगायला तुमचे काय जात होते?

मी सोसायटीच्या चिटणीसाकडे गेलो. नातवाच्या वयाचा मुलगा. त्याला म्हटले, “ही ओळ खोटी आहे. काढून टाका.” तो मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाला, “काका, चिल करा ना. आणि हे आम्ही नाही म्हणत, तुमच्याच फादरनी सांगितलंय ना?” लिफ्टपाशी उभे असलेले दोघे हसले. मी परत तुमच्या छायाचित्रापुढे येऊन उभा राहिलो. चौथीनंतर तुम्ही मला शाळेतून काढलेत. गुरुजी घरी समजावायला आले, तर त्यांना म्हणालात, “त्याला जमीन हाय, पाटी कशाला?” त्या जमिनीत मी तारुण्य घातले. गुडघाभर चिखलात वाकून लावणी केली. ते सारे दगड होते काय? मला पुस्तकाऐवजी जे दिलेत, त्याची तुम्ही एका परक्या माणसापुढे थट्टा केलीत, आणि आज येणारा-जाणारा ती खरी मानून वाचतो.

मी हटलो नाही. रविवारच्या सभेत उभा राहिलो, राब म्हणजे काय ते सर्वांना समजावले, आणि ओळ झाकण्याचे कमिटीने मान्य केले. उद्या तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवतील.

हे पत्र टपालात टाकण्याजोगे नाही, हे मला कळते. म्हणूनच लिहितो. कमिटीला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा राग नंतर आला. आधी मला हसू फुटले, इतके मोठ्याने की वॉचमन खुर्चीवरून उठून पाहायला आला.