उजवी दोरी

४ एप्रिल
सूनबाईचा फोन. नातीला वीस तारखेला सुट्टी लागते. आजवर निम्मी सुट्टी आमच्याकडे आणि निम्मी तिच्या आजोळी, असं ठरलेलं असायचं. यंदा म्हणे तिलाच विचारायचं, कुठे राहायचंय. नऊ वर्षांच्या पोरीला विचारायचं. आम्हाला लहानपणी कोणी काही विचारलं नाही, म्हणून तर आम्ही वळणावर राहिलो.
मग मीच तिला सहज विचारलं. म्हणाली, आबा, तुमच्याकडे काय असतं? तुम्ही सारखं दार लाव आणि पंखा बंद कर एवढंच सांगता. तिकडे नाना पतंग उडवतात. दोन दोऱ्यांचा, हवेत कोलांट्या मारणारा.
नाना म्हणजे आमचे व्याही. बोटीवर होते. लोक कॅप्टन म्हणतात. प्रत्यक्षात बोटीच्या कोठारात पीठ-साखर मोजून द्यायचे. मी हे कोणाला सांगत नाही. आज भाजीवाल्याला सांगितलं, पण विषयच तसा निघाला.
निश्चय: तसाच पतंग घ्यायचा. फ्रीस्टाइल, म्हणजे त्या कोलांट्या, शिकायचं. सुट्टीच्या आत. जन्मभर छत्र्या दुरुस्त केल्या. कापड, काड्या आणि वारा यातलं मला कळत नसेल तर कोणाला कळणार?

५ एप्रिल
फोनवर व्हिडिओ बघितले. इंग्रजी कळत नाही, सातवीत शाळा सुटली. पण माणूस हात कसे हलवतो ते तर दिसतं. कासव नावाची एक ट्रिक आहे. पतंग हवेत उताणा होतो आणि तसाच तरंगतो. मग जरा झटका दिला की सरळ. सोपं आहे.
हिला दाखवलं. म्हणाली, त्या माणसाचे खांदे बघा, तुमचा उजवा हात तर शर्टाच्या बाहीतसुद्धा मलाच घालावा लागतो. हिला कोणाचं चांगलं म्हणून बघवत नाही.
डाव्या कानात गुंई असा आवाज. वाऱ्यात कानाला रुमाल बांधणे.

७ एप्रिल
हिला घेऊन पतंगाच्या दुकानात गेलो. विक्रीला एक मुलगी होती. तिने तीन पतंग काढले. पहिला जोराच्या वाऱ्यात सरळ सुसाट जाणारा. दुसरा मधला. दणकट, आपटला तरी मोडत नाही. सरळ उडवणं, वळवणं, उतरवणं आधी त्यावर शिका, म्हणाली. तिसरा खास ट्रिकचा. हलका, कापड सैल, दोरी ढिली सोडली की हवेत लोळतो. तो हात बसलेल्यांनी घ्यावा.
मी विचारलं, बोटीवरचे ते कॅप्टन कोणता वापरतात? तिने लगेच ओळखलं. नाना होय, त्यांनी दोन वर्षं मधलाच घोटला, म्हणाली.
मी तिसरा घेतला.
खुंटी देऊ का, असंही विचारत होती. जमिनीत खुंटी ठोकायची, दोऱ्यांची हँडलं तिला अडकवायची, लांब जाऊन पतंग टेकवून ठेवायचा, मग दुसरं माणूस लागत नाही. मी नको म्हटलं. घरात बायको असताना खुंटी कशाला?

८ एप्रिल
पतंग नीट तपासला. माल कच्चा. कापड लोंबतं, काड्या आतून पोकळ. अशी छत्री कोणी माझ्याकडे आणली असती तर मी गिऱ्हाइकाला हात जोडले असते.
दुपारी शिलाई मशीन काढलं. कापड ताणून दोन्ही बाजूंनी टीप मारली. कडेने छत्रीच्या पोलादी काड्या घातल्या. आता टिचकी मारली तर पत्र्यासारखा वाजतो.
ही म्हणाली, सैल असतो म्हणूनच तो लोळतो, असं ती मुलगी म्हणाली होती ना? म्हटलं, ती विकते. मी बांधतो.

९ एप्रिल, सकाळी
पाण्याच्या टाकीमागचं मैदान. वारा मुळमुळीत. पतंग उठला नाही. हिला म्हटलं, वर भिरकाव. तिने भिरकावला. पुन्हा भिरकाव म्हटलं. भिरकावण्यात जोर नाही. सकाळी हिचा चहाही असाच असतो.

९ एप्रिल, संध्याकाळी
वारा आला, पतंग उठला. पण उजवा हात मागे ओढवेना, खांद्यातून कळ आली. जागच्या जागी उपाय सुचला. उजवी दोरीच वीतभर आखूड केली. म्हणजे हात न ओढताही ओढल्यासारखाच. असलं काही पीठ-साखर मोजणाऱ्याला सुचायचं नाही.
परिणाम तात्काळ. पतंग उठला की उजवीकडे गरागरा फिरतो. पहिल्याच दिवशी फिरकी. व्हिडिओतल्या माणसाला ती शिकायला सहा महिने तरी लागले असणार. फिरून फिरून शेवटी नाकावर येतो. नाकावर उतरवणं ही वेगळी ट्रिक असणार. नाव शोधणे.

१२ एप्रिल
रोज सराव. पतंग पडला की ही जाते, उचलते, उभा धरते, मी ओढतो. फार हळू चालते. मी हँडलं धरून ताटकळत राहतो, बोटं आखडतात. आज म्हटलं, जरा पाय उचल. म्हणाली, पाय उचलतेच आहे हो, गुडघा उचलत नाही.
घरी येताना म्हणाली, दोन्ही दोऱ्या एकदा सारख्या करून बघा की. हे तिचं रोजचं आहे. पतंग उचलणाऱ्याने उडवणाऱ्याला शिकवू नये, असं मी शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघत होते तेवढंच.
निश्चय: चिडायचं नाही. प्रेशर वाढतं.

१३ एप्रिल
किरकोळ अपघात. पतंग फिरकी घेऊन थेट हिच्या कपाळावर आला. पोलादी काडीचं टोक. मी ओरडलो होतो, बाजूला हो. ती नेमकी उजवीकडे सरली. पतंग उजवीकडेच येतो हे एव्हाना तिला कळायला हवं होतं.
भुवईवर टाके. चष्मा फुटला. दवाखान्यात बाकावर बसून राहावं लागलं, मागची खिडकी उघडी, मला शिंका सुरू. नर्सने विचारलं, कशाने लागलं? ही म्हणाली, दाराची चौकट लागली. मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. विचारलं नाही.
पतंगाला खरचटलंसुद्धा नाही. काड्यांची निवड योग्य होती.

१५ एप्रिल
मुलाचा फोन. आईला मैदानावर नेऊ नका, म्हणाला. म्हटलं, तिला मोकळी हवा मानवते. शिवाय रविवारी तुम्ही सगळे मैदानावर या, माझा कार्यक्रम आहे. नातीने फोन ओढून घेतला. आबा, तुम्हाला कासव येतं? येतं म्हटलं. मग ते बघून मी ठरवते, सुट्टीत कुठे राहायचं. म्हणजे झालंच.
व्याह्यांनाही फोन करून बोलावलं. कोणता पतंग घेतलात, विचारलं. ट्रिकचा म्हटल्यावर नुसतं, वा. घाबरले.
दुपारी कासव करून पाहिलं. अजून येत नाही. लोकांसमोर येईल. दुकानातही गिऱ्हाईक समोर उभं असलं की माझा हात चांगला चालायचा.

१७ एप्रिल, रविवार
वारा खराब होता, हे आधी लिहून ठेवतो.
सगळे आले. हिच्या कपाळाला पट्टी बघून मुलगा म्हणाला, पतंग मी धरतो. म्हटलं, तिला सवय आहे.
पतंग उठला, फिरला, नाकावर आला. नातीने टाळ्या वाजवल्या. पुन्हा तेच. मग तिने आईला मोठ्याने विचारलं, आबा हे मुद्दाम करताहेत का? मी म्हटलं, मुद्दामच. ती म्हणाली, मग आता मुद्दाम सरळ उडवा.
पुढचं सविस्तर लिहीत नाही. शेवटी व्याही पुढे आले. बघू का जरा, म्हणून नम्रपणे विचारलं. ही त्यांची अपमान करण्याची पद्धत. दोन्ही दोऱ्या कुंपणाच्या एका खांबाला अडकवून टोकं जुळवली. उजवी वीतभर कमी. नात म्हणाली, आजी रोज सांगत होती म्हणे, पण आबांनी ऐकलंच नाही. सूनबाई तोंडावर रुमाल धरून टाकीकडे बघू लागली.
व्याह्यांनी माझी गाठ सोडली, चाकूने माझी टीप उसवली, काड्या काढून गवतावर रचून ठेवल्या. मग हँडलं हिच्या हातात दिली. विहीणबाई, इतके दिवस उचललात, आता उडवा.
पतंग वर गेला आणि राहिला. नेमका तेव्हाच वारा सुधारला. ही हसायला लागली. टाके ताणतील, असं मी दोनदा ओरडून सांगितलं, पण ती वरच बघत होती.
काड्या मोजून घरी आणल्या. एक कमी आहे.

२० एप्रिल
नात सगळी सुट्टी आजोळी राहणार. पोरीच्या जातीला चमकणारं आवडतं. मी अपेक्षा ठेवलीच नव्हती.
हिलाही त्यांनी बोलावलं आहे. गुडघ्याला आराम म्हणे. मी म्हटलं, जा, माझं काय अडतंय. किती दिवस? ती म्हणाली, बघू. आमच्या घरात आजवर बघू हा शब्द मीच वापरत आलो.
जाताना विचारत होती, पतंग नेऊ का? दिला नाही.
कोणत्या डब्यात काय आहे ते सांगून गेली. लक्षात नाही.

२३ एप्रिल
शर्ट घालायला फार वेळ लागतो. घातलाच नाही.
नातीने फोनवर फोटो पाठवला. व्याह्यांच्या घरामागचं मैदान. ही उभी, डोक्यावर नातीची टोपी, हातात हँडलं. समोर व्याह्यांचा जुना मधला पतंग, हवेत उताणा. खाली लिहिलंय, आजीला कासव आलं. मी फोन उलटा करून बघितला. तसं धरलं की पतंग सरळ दिसतो, पण मग ही उलटी दिसते. आणि उलटीसुद्धा हसतेच आहे.

२४ एप्रिल
एकट्याने मैदानावर गेलो. खुंटी म्हणून स्क्रूड्रायव्हर. खांद्याची तक्रार आहेच, म्हणून उजवी दोरी पुन्हा आखूड केली.
पतंग उठला, फिरला, पडला. मी हँडलं धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मग लक्षात आलं.
चालत गेलो. उचलला, टेकवला, परत आलो. हँडलांपर्यंत पोचतो तोच कोलमडला. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत खाली बसलो.
पतंग पडतो ती जागा फार लांब आहे. वाट खाचखळग्यांची, धरायला काही नाही. हे तिने मला आधीच सांगायला हवं होतं.