झोळीत टाकलेली सही

।। श्री वैद्यनाथ प्रसन्न ।।

सिरसाळा, ता. परळी
शुक्रवार, ३ डिसेंबर २००४

चिरंजीव सिद्धेश्वर यास शांताआत्याचे अनेक आशीर्वाद.

सोमवार, २३ ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. ही वेळ आधी लिहून ठेवते, कारण त्या वेळी माझ्यावर अन्याय झाला आणि तो तुझ्या कंपनीने केला. आता रीतीप्रमाणे विचारते, तू कसा आहेस? रुचिकाची कंबर कशी आहे? (मी तिला जमिनीवर झोपायला कळवलं होतं. तिने नवी गादी घेतली असं ऐकते. हप्त्यांवरच घेतली असणार.) इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या आतोबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो. बाकी ते स्वतः कधी कुरकुरत नाहीत, त्यामुळे गुडघ्याचं मी मनावर घेत नाही. हे पत्र भाच्याला आहे. विभागीय व्यवस्थापक साहेबांना मी वेगळं पत्र इंग्रजीत, पोचपावतीसह रजिस्टर करून धाडणार आहे. दोन्ही माणसं तूच असल्यामुळे दोन्ही पत्रं सारख्याच लक्षाने वाचावीत.

तुला ठाऊक आहे की वीज परळीत तयार होते आणि अंधार सिरसाळ्यात पडतो. यंदा तर दिवे संध्याकाळी सातला जायचे ते दहाला यायचे. अंधारात मला वाचता येत नाही, आणि मी वाचत नसले की तुझे आतोबा मला तुरीचे भाव सांगतात. उन्हाळाभर मी तुरीचे भाव ऐकले आणि ऑगस्टात ठरवलं की पेन्शनीतून, स्वतःच्या नावावर, इन्व्हर्टर घ्यायचा. (आतोबा म्हणाले, मी रोख देतो. रोख त्यांनी दिली असती तर दिवा कधी लावायचा तेही त्यांनीच ठरवलं असतं.) परळीच्या दुकानात तुमच्या कंपनीचं कर्जाचं टेबल होतं. बिनव्याजी, बारा हप्ते, महिना अकराशे पंचवीस. मी कागद ओळ न् ओळ वाचला, दोन ठिकाणी त्यातलं इंग्रजी दुरुस्त केलं आणि सही केली. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही.

आता तो सोमवार. यंदा श्रावण दोन आले. त्यातल्या खऱ्या श्रावणाचा हा पहिला सोमवार. आपल्या लिंगायत घरी सोमवारी जंगम गुरू भिक्षेला येतात हे तू लहानपणी इथे राहिलास तेव्हा पाहिलंच आहेस. मठपती स्वामींचे पाय आता चालत नाहीत, म्हणून त्यांचा मुलगा मृत्युंजय झोळी घेऊन येतो. हाच मृत्युंजय मंगळवार ते शनिवार तुमच्या कंपनीत नोकरी करतो. त्या दिवसांत गळ्यात टाय असतो आणि मोटरसायकल थेट पायरीला लागते. सोमवारी मात्र मोटरसायकल मारुतीच्या पारामागे लावून तो धोतर नेसून, भस्म लावून पायी येतो. वय चोवीस. तरी सोमवारी मी त्याच्या पायांवर डोकं ठेवते, कारण तो त्या दिवशी मृत्युंजय नसतो, जंगम असतो. कॉन्व्हेंटमध्ये नऊ वर्षं सिस्टर बर्नाडेटच्या हाताखाली काढून माझ्यात पुष्कळ बदल झाले, हा झाला नाही.

मी सुपात तांदूळ-डाळ घेऊन आले. त्याने झोळी मागे घेतली. म्हणाला, "काकू, आज शिधा नको. एक सही घाला." मी विचारलं, कसली? "कंपनीचा कागद राहिलाय. टार्गेट भरंना झालंय बघा, साहेब लई बोलायलेत." आणि झोळीतून, बेलाच्या पानांखालून, त्याने एक छापील कागद काढला. आता तूच सांग. दारात जंगम, श्रावणी सोमवार, आणि तो धान्य नाकारून सही मागतो. जंगमाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये हे माझ्या सासूने मला सांगितलं, तिच्या सासूने तिला. 'कागद वाचून मग सही करावी' हे सासूने सांगितलेलं नव्हतं. जिने छत्तीस वर्षं मुलींना प्रश्न नीट वाचला नाही म्हणून नापास केलं, तिने उंबऱ्यावर उभ्याउभ्या सही केली, कागद झोळीत टाकला आणि वर पाया पडली.

सप्टेंबरात हप्ता आला बाराशे सत्तर. सोबत एक जाड पाकीट. वरच्या एकशे पंचेचाळीस रुपयांचं नाव 'कर्जसुरक्षा कवच', वर्षाचे सतराशे चाळीस, कंपनीने विमावाल्यांना आधीच एकदम देऊन माझ्या कर्जात चढवलेले. मी ते कवच चष्मा पुसून वाचलं. त्यात म्हटलंय की कर्जदाराची नोकरी गेली किंवा तो मेला तर हप्ते विमा कंपनी भरील. सिद्धू, मी ३१ मे २००१ रोजी निवृत्त झाले. हार, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते घड्याळ बंद पडूनही दोन वर्षं झाली. माझी नोकरी आता कोण घालवणार? पुढे लिहिलंय की हे कवच वयाच्या अठ्ठावन्नपर्यंतच लागू. मी एकसष्ट. म्हणजे मी मेले तरी चालणार नाही; कंपनीच्या दृष्टीने मरायचं वयही उलटून गेलंय. पाकिटातल्या अर्जाच्या प्रतीत पाहिलं तर व्यवसाय 'नोकरी' आणि वय 'एकावन्न' असं मृत्युंजयाच्या अक्षरात लिहिलेलं. (दहा वर्षं कमी केल्याबद्दल मी त्याच्यावर क्षणभर रागावू शकले नाही. क्षणभरच.) नको असेल तर पंधरा दिवसांत परत करा, असंही छापलं होतं. पाकीटच वीस दिवसांनी मिळालं. कुरिअरवाल्याने ते पानपट्टीवर ठेवलं होतं.

मी जीपने परळीला तुमच्या शाखेत गेले. तिथे रोहिणी नावाची मुलगी बसते, गोड आहे, कपाळावर आठी पडू देत नाही. मी म्हटलं, हा विमा मला विकायलाच नको होता, पैसे परत करा. ती म्हणाली, "मॅडम, हप्ता परत मिळत न्हाई. क्लेम मिळतो." बरं, क्लेम. ती म्हणाली, नोकरी गेल्याचं पत्र आणा. मी म्हटलं, निवृत्तीचं आहे. ती म्हणाली, निवृत्ती म्हणजे नोकरी जाणं नव्हे, ती आपण होऊन जाते. मग तिने वर कळवते असं सांगितलं आणि छताच्या पंख्याकडे पाहिलं. वर म्हणजे तू. हे मला बाहेर लावलेल्या तुझ्या फोटोवरून कळलं. (फोटोत तू जाड झालायस.)

घरी येऊन सगळं सांगितलं तर तुझे आतोबा, ज्यांना लग्नानंतर मी कधी खुर्चीतून झटक्यात उठताना पाहिलं नव्हतं, ते उठले. "कावून एवढा जीव जाळतीस? तू आपल्या आडतीत नोकरी कर. आठ दिसांनी मी तुला काढून टाकतो. कंपनी भरंल की हप्ते." चेहऱ्यावर काय तेज! मला नोकरीवरून काढण्याची ही कल्पना त्यांना आजच सुचली असेल असं वाटेना. मी म्हटलं, खोट्याला खोट्याने उत्तर द्यायचं नसतं. तरी दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पॅडवर नेमणुकीचं पत्र आलं: 'शांतादेवी रुद्रप्पा यांना हिशेबनीस म्हणून घेण्यात येत आहे.' ते परत करायला मी आडतीवर गेले, तर मुनीम धुळाजी दिवसभराची पोती संध्याकाळी आठवून लिहीत होता. आठवून! मी म्हटलं, सरका. तिसऱ्या दिवशी धुळाजी म्हणाला, "मालक, बाईसाहेब हायेत तर म्या कशाला?" आणि युसूफवडगाव या गावी लेकीकडे निघून गेला. तेव्हापासून रोज नऊ ते एक मी आडतीवर असते. नोकरी माझी जायची होती, गेली त्याची.

आता या सगळ्यात खरी अडचण सांगते. तुमची कंपनी म्हणते, दिलेला हप्ता परत नाही. गाव म्हणतं, जंगमाच्या झोळीत पडलेलं परत मागायचं नाही. आतोबांच्या चुलत बहिणी दोन वेळा येऊन मला समजावून गेल्या की हे पाप आहे. एकीने तर मला शेजारच्या पाच बायका मोजून दाखवल्या, ज्यांनी याच श्रावणात अशाच सह्या झोळीत टाकल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की जंगमासारखं कंपनीच्या गळ्यात लिंग आहे का? भिक्षा म्हणून मी सही दिली, ती मृत्युंजयाला लखलाभ. सतराशे चाळीस रुपये मी कोणाच्या झोळीत टाकले नव्हते. ते तुमच्या कंपनीने नंतर हात घालून काढून घेतले. कंपनीला मी सोमवारीही नमस्कार करत नाही.

मी मंगळवारी मृत्युंजयाला पायरीवर उभं करून बोलले. (सोमवारी बोलता येत नाही. सोमवारी संध्याकाळपासूनच मी वाक्यं जुळवून ठेवते.) तो टायचं टोक पिळत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "काकू, चुकलं. तुमी तक्रार करा, म्या नको म्हणत न्हाई. पर साहेब आधी मलाच काढतील. आण्णांच्या पायाचं औषध ह्याच पगारावर चालू हाय." मी त्याला चहा पिऊन जा म्हटलं.

तर हे असं. तुझ्या तब्येतीस जप. रुचिकाला जमिनीवर झोपायला सांग.

तुझी,
शांताआत्या

ता. क. तुझे आतोबा विचारतात, आता मी रीतसर नोकरीला आहे तर ते कवच चालू ठेवून मला काढलं तर चालेल का? याला उत्तर देऊ नये.

ता. क. २. वरचं सगळं वाचून तू मला भोळी म्हणशील आणि सतराशे चाळीस रुपये स्वतःच्या खिशातून मनिऑर्डरने धाडशील, ते मी परत करीन. पैसे कंपनीने द्यायचे, मला आणि त्या पाच जणींनाही. त्यांची नावं आणि खरी वयं मागच्या पानावर आहेत. (खऱ्या वयांबद्दल कुठे बोलू नकोस.)

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं कारण हे. श्रावणात टार्गेट मृत्युंजयाने ठरवलं नव्हतं, ते वरून आलं होतं, आणि वर म्हणजे कोण हे आपलं ठरलेलं आहे. त्याला काढायचं नाही. तो जर कामावरून गेला तर सोमवारी तो माझ्या दारात झोळी घेऊन उभा राहील, मागेल ते फक्त तांदूळ, आणि ज्याच्या पोटावर मी पाय दिला त्याच्या पायांवर मला डोकं ठेवावं लागेल. ते मला जमणार नाही, आणि सोमवारी दार बंद ठेवणंही जमणार नाही.

म्हणून कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासह, दोन ओळी लिहून पाठव: पैसे परत केले, मुलगा कामावर राहील. शनिवार, १८ डिसेंबरच्या टपालापर्यंत पत्र माझ्या हातात हवं. एकच ओळ लिहिता येत असेल तर दुसरी लिही.