ओट्सचा सहावा डबा

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

दुधाचं पातेलं हातातून निसटून पडलं, असं तुम्ही लिहिलंत. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचंही पत्र आलं. जिन्यात धूर झाला म्हणून त्या धावत वर आल्या, तर पातेल्याचा कोळसा झालेला आणि तुम्ही शेजारच्याच खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले. बाबा, त्या तापात तुमचं नाक गेलं, वास कधी परत येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यात तुमचा काय दोष? पण तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत, याचा मला फार राग आलाय.

त्या दिवसापासून तुम्ही गॅस पेटवतच नाही आणि सकाळी बिस्किटांवर नाहीतर खोक्यातल्या त्या साखरेत घोळलेल्या कॉर्नफ्लेक्सवर भागवता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली होती ना? इथली मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, यांनी खिडकीशी टेबलही लावलंय. महिनाअखेर न्यायला येते.

रागावलेली, तरी लोभ तसूभरही कमी न झालेली,
खारू

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

चोरी पकडली गेली, कबूल. पण घर सोडणार नाही. चाळीस वर्षं याच खिडकीत बसून लोकांची घड्याळं चालती केली. आता मलाच उचलून दुसऱ्या भिंतीवर टांगायचं म्हणतेस! जावईबापूंना म्हणावं, टेबल छान, त्यावर कुंड्या ठेवा.

आपण एक पैज लावू. लहानपणी बरणीतले बदाम पळवायचीस म्हणून तुला खारू म्हणायला लागलो, आणि आता म्हणे तू ओट्स, बदाम, अक्रोड भाजून सकाळचं खाणं घरीच करतेस. ते मला शिकव. विजेचा ओव्हन आहे, हातपाय धड आहेत. सलग सहा रविवार करीन आणि दरवेळी त्यातला एक डबा तुला पाठवीन. सहाही नीट निघाले तर खोलीचा विषय कायमचा बंद. एक जरी करपला, तर मुकाट्याने बॅग भरीन.

मंजूर असेल तर कृती पाठव, नसेल तरी पाठव.

तुझा हट्टी
बाबा

दि. १७ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मंजूर. वाद घालून तुमच्यापुढे कोण जिंकलंय? चार वाट्या जाड ओट्स, एक वाटी बदाम-अक्रोडाचे ओबडधोबड तुकडे, मूठभर भोपळ्याच्या बिया, चिमूटभर मीठ. दोन चमचे तेल आणि तीन चमचे मध कोमट करून त्यात चोळायचं. तीनच, बाबा! ट्रेवर पातळ पसरायचं, आच मंद ठेवायची, दर दहा मिनिटांनी हलवायचं. बेदाणे अगदी शेवटी घालायचे. रंगावर जाऊ नका, तुमच्या ओव्हनचा दिवा पिवळा आहे, त्यात सगळं खरपूसच दिसतं.

त्यापुढची ओळ मी खोडली आहे. खमंग वास सुटला की बाहेर काढा, असं सवयीने लिहून गेले. दुसरी खूण काही सुचली नाही. ती तुम्हीच शोधा.

जिवाला जपा, आणि मी जिंकावं असा आशीर्वाद मात्र देऊ नका.

खारू

दि. १२ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तीन रविवार झाले, तिसरा डबाही आजच पाठवला. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून बेदाणे सुरुवातीलाच घातले. त्यांचे छर्रे झाले आणि माझी वरची कवळी तडकली. दातांच्या डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं, मी पौष्टिक नाश्ता म्हणून सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. तरी करपलं काहीच नाही, तेव्हा तो डबा माझ्या बाजूने धर.

खूण सापडली, पोरी! नाक नसलं म्हणून काय झालं, कान तर आहेत. गरम असताना ते मऊच लागतं, म्हणून चिमूटभर बशीत काढून दोन मिनिटं निवू द्यायचं आणि मग बशी हलवायची. कच्चं असेल तर ओल्या वाळूसारखं गप्प सरकतं, झालं असेल तर खुळखुळ वाजतं. चाळीस वर्षं घड्याळांची टिकटिक ऐकली, ती अशी उपयोगाला आली. परवा डॉक्टरही म्हणाले, साखर उतरतेय.

कुंड्यांचं तेवढं बघून ठेवा.

बाबा

दि. २ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

काल सहावा रविवार. ट्रे आत सरकवला आणि कोपऱ्यावरचा चांभार त्याच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. ठोका चुकतो म्हणाला. मी घड्याळाला कान लावला, आणि मला तेवढे दोनच कान. ट्रे बाहेर काढला तेव्हा सगळं काळं झालं होतं.

खरं सांगतो, मोह झाला. चांभार गेला होता, नर्सबाई कामावर होत्या, खिडक्या सताड उघड्या होत्या. ट्रे घासला, नवे ओट्स मोजून वाटीतही घेतले. कुणाला कळलं असतं? पण वाटी परत डब्यात रिकामी केली. करपलेलंच भरून पाठवतोय. किती करपलंय ते मला वासाने कळत नाही, तूच ठरव.

पैज हरलो. बॅग माळ्यावरून काढली आहे. कधी येतेस ते कळव.

बाबा

दि. ९ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि घरभर वास सुटला. यांनी येऊन विचारलं की काय जळतंय. मी हट्टाने एक चमचा खाल्ला. कडूजहर आहे, बाबा. खाता खाता रडत होते, ते कडूपणामुळे नव्हे.

बॅग परत माळ्यावर टाका. मला धास्ती करपण्याची नव्हतीच, करपतं ते माझ्याकडूनही. धास्ती होती ती निसटून पडलेल्या पातेल्याची. तुमच्या पत्रातलं खरं किती, हे मला नर्सबाईंना विचारावं लागत होतं. आता नाही विचारणार.

धूर झाला की बोंब ठोकणारी घंटा हे पाठवताहेत, ती ओव्हनजवळच्या भिंतीवर लावून घ्या. ओव्हन चालू असताना कुणाच्याही आजोबांचं घड्याळ हातात घ्यायचं नाही. टेबलावर आजच कुंड्या ठेवल्या.

येत्या रविवारी पुन्हा ट्रे लावा, डबाही पाठवा, पण आता मोजायचं नाही. नीट झालं तर नीट झालं लिहा. करपलं तर करपलं लिहा.

तुमचीच
खारू