पाचपेक्षा कमी

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी नक्की काय करते असं भावोजींनी पुन्हा विचारलंय, म्हणून लिहिते. उपचारासाठी, आरामासाठी परदेशी जाणाऱ्या लोकांवर आणि त्या प्रवासातून गावांचं भलं कसं व्हावं यावर वीस वर्षांत हजारो शोधनिबंध निघाले. मी ते वाचून त्यांतले शब्द मोजते आणि नकाशा काढते. शब्द जितका जास्त निबंधांत, तितका त्याचा ठिपका मोठा; जे शब्द एकत्र येतात, त्यांच्यामध्ये रेघ. सध्या सर्वांत फुगलाय तो ‘शाश्वत विकास’. पाचपेक्षा कमी निबंधांत आलेला शब्द गाळायचा, ही रीत मीच ठरवलेली.

तुझ्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची तारीख आली का? तुला जिन्यावर दम लागतो, हे मला भावोजींकडून का कळावं?

तू मोठी, तेव्हा लोभही मोठाच कर.
चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावोजींचं तोंड शिवायला हवं. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टरनी शिकवलेली पक्की टीप मला अजून येते.

तारीख आली होती, गेली. आमच्या रुग्णालयात पाहुणे रुग्ण विमानाची तिकिटं काढून येतात, त्यांना परत कसं पाठवणार? तारखा देणाऱ्या बाई फार गोड बोलतात. म्हणाल्या, तुम्ही काय, इथल्याच, कधीही बोलावू. तीस वर्षं त्यांच्याच लाँड्रीत चादरी मोजतेय, तेव्हा इथली हे खरंच. मोठ्या डॉक्टरांना सांग म्हणून तुझे भावोजी रोज टुमणं लावतात. पण मला वर घ्यायला ते ज्याला खाली ढकलतील, तोही इथलाच असणार ना?

पाहुण्यांच्या खोल्यांत पाटी लागलीय, पाणी वाचवा, टॉवेल दोन दिवस वापरा. आमच्या गल्लीत नळच एक दिवसाआड येतो. तुझ्या त्या फुगलेल्या ठिपक्यात आम्हाला धर.

आणि एक सांग. ताटकळणाऱ्या इथल्या रुग्णांचा ठिपका केवढा आहे गं?

लोभ इस्त्री करून ठेवलाय, घडी मोडायला ये.
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू विचारलंस म्हणून शोधलं. चार निबंध. म्हणजे माझ्याच रीतीने तो शब्द गळला होता, आणि मला पत्ताही नव्हता. लाज वाटली.

मी लिहू का तुमच्या डॉक्टरांना? मार्चअखेर निबंध दिला की लगेच निघते. तोवर जिने चढू नकोस.

रागावलीस तरी चालेल, गप्प राहू नकोस.
चिमणी

१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

एकाने हुकलो! शाळेत तुझा पहिला नंबर असाच जायचा आणि तू बाकाखाली बसून रडायचीस. मी रुमाल द्यायचे, तो तू कधीच परत केला नाहीस. मग पाचवा निबंध तूच लिही.

डॉक्टरांना लिहू नकोस. हल्ली चादरी बसून मोजते. काल दोन कमी भरल्या, पुन्हा मोजल्या तर बरोबर. तीस वर्षांत पहिल्यांदा चुकले. हे पत्र तीन बैठकांत लिहिलंय, अक्षराला हसू नकोस.

मार्च काही लांब नाही. वाट पाहायची सवय आहे मला.
ताई

२८ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तू येऊन हिला शेवटचं पोचवून गेलीस आणि घर पुन्हा रिकामं झालं. एक कळवल्यावाचून राहवेना. आज रुग्णालयातून हिच्या ऑपरेशनचं कार्ड आलं. बुधवारी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी यावे. तारखेच्या बाईंना फोन केला. त्या रडल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लाँड्री तळघरात, कचेरी वर, जिना वेगळा.

तिच्या कपाटात तुझी सगळी पत्रं आहेत, चादरींसारखी घडी घालून. तुझा निबंध झाला का?

जपून राहा.
भावोजी

१५ एप्रिल

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

कार्ड फाडू नका, मला हवंय.

नकाशा सोबत पाठवते. माझी रीत मोडली, चार निबंधांत आलेले शब्दही धरले. उजव्या कडेला बारीक ठिपका आहे, भिंग घेऊन पाहा. ‘ताटकळणारे स्थानिक रुग्ण’. त्याच्यापासून कुठल्याच ठिपक्याकडे रेघ जात नाही. सहकारी म्हणाले, नकाशा गिचमिड दिसतो, काढून टाका. मी म्हटलं, राहू दे, तो इथलाच आहे.

माझा निबंध धरून आता पाच झाले. यापुढे कुणी मोजलं, तर गाळता येणार नाही. हे तिला सांगायला मी मार्चअखेर निघणार होते.

तिच्या वाटचा लोभ आता तुम्हीच करा.
चिमणी