दहा वाजून दहा

३ फेब्रुवारी

चि. बनीस अ. उ. आ. वि. वि.

तुझा म्हातारा बाप तुर्की शिकतोय. हसू नकोस. गेल्या फोनला तू माझ्या नातीला, छोटीला, किती विनवलंस, पण ती काही पलंगाखालून बाहेर आली नाही. ते मनाला फार लागलं. दोष माझाच. तू परक्या भाषेच्या माणसाशी लग्न केलंस म्हणून सात वर्षं अबोला धरला, मग या घरचा आवाज तिच्या कानावर पडणार कसा?

भाषा तशी गुणी आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, प्रत्ययही शब्दाच्या शेपटीला चिकटतात. वर तो, ती, ते या तिघांना मिळून एकच शब्द, ‘ओ’. आणि वेळ सांगणं? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला तो डाव्या हाताचा मळ. रविवारी छोटीला ‘साआत काच’, म्हणजे किती वाजले, एवढं विचारायला सांग.

लोभाला किल्ली देत राहा.

तुझा बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

छोटी चक्क बाहेर आली आणि तिने विचारलं. तुम्ही ठणठणीत आवाजात ‘ओनू ओन गेचियोर’ म्हणालात. दहा वाजून दहा मिनिटं! बाबा, तुमच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिने तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मग खिदळत पळाली. देदेकडे, म्हणजे आजोबांकडे, एकच वेळ आहे असं सगळ्यांना सांगत सुटलीय.

रुसव्यात मीही तिला आपली भाषा शिकवली नाही. तेव्हा दोष निम्मा माझा.

रागावू नका, लोभ ठेवा.

तुमची बनी

२० फेब्रुवारी

चि. बनीस अ. उ. आ.

दुकानातली विक्रीची घड्याळं दहा वाजून दहावर बंद करून मांडायची, ही आमच्या धंद्याची रीत. मी शहाण्याने त्यांच्याकडेच बघून सराव केला! तोंडात तेवढंच बसलंय. या रविवारी लाजेने फोनच उचलला नाही. सोबत एक छोटं घड्याळ पाठवतोय, आमची वेळ लावून, म्हणजे तुमच्याहून अडीच तास पुढे. म्हातारा जेवतोय की झोपलाय, तेवढं तरी तिला कळेल.

लोभ कमी करू नये.

बाबा

५ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

तुम्ही फोन उचलला नाहीत. वाटलं, झालं, पुन्हा अबोला.

घड्याळ शनिवारी पोचलं. रविवारी उजाडायच्या आत छोटी उठून त्याच्यासमोर मांडी घालून बसली. शाळेला उठवताना घर डोक्यावर घेते ती! बऱ्याच वेळाने मला हलवून फोन लावायला लावला, तोच तुम्ही उचललात. तिने वेळ विचारली आणि सवयीने तुमचं ठरलेलं उत्तर आलं. तुम्ही ओशाळून फोन ठेवलात, म्हणून सांगते: तुमच्या भिंतीवरच्या चालू घड्याळाकडे बघायला हवं होतंत. तुमच्याकडे तेव्हा बरोबर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिचं म्हणणं, देदे चुकत नाही, आपणच भलत्या वेळी फोन करतो. दर रविवारी त्याच वेळेला करणार आहे. उचला, बाबा.

तुमची बनी