शकूच्या मनगटावरचे डाग

मी, तुळजाबाई दत्ताराम कासार, वय अंदाजे पासष्ट, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार महाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेते. छातीत दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. सुनेला शंका असल्यास तिने आजच विचारावे.

घर माझ्या कमाईचे. पुढची खोली व पितळी भांडी मुलगा मालोजी याला. तो रागीट आहे, पण माझ्या पायांना तेल तोच चोळतो. मागची खोली, बांगड्यांची पेटी आणि पोलादपूरकडच्या गावांची फेरी शकूला.

शकू आईबापाविना पोर, माझ्या फेरीतल्या एका गावी चुलता सोनबा याच्या घरी होती. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचे, नंतर फुटली तर गिऱ्हाइकाचे, असा आमचा रिवाज. शकूच्या बांगड्या दर महिन्याला फुटलेल्या, हात रिकामे. लोकांनी बोलू नये म्हणून चुलती पुन्हा भरायला लावी. मी मूर्ख, विक्री होते म्हणून खूश. "काय गो, हात हायत का मुसळं?" अशी थट्टाही केली. तिसऱ्या महिन्यात मनगट झाकणारी तिची लांब बाही पुरती वर सरकवली आणि भाजल्याचे डाग दिसले. चुलती म्हणाली, "चुलीवर हात लागला, दुसरं काय नाय."

एका घरात पाहिलेले दुसरीकडे बोलायचे नाही, ही सासूची शिकवण. ती मी मोडली आणि गावच्या पोलीस पाटलाला सांगितले. तो म्हणाला, "घरातला मामला हाय, तुला काय करायचंय?" तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन तशीच पोलादपूरला गेले आणि फौजदारांना सांगितले. कोर्टाने पोर माझ्या हवाली केली. दोन वर्षे चार गावांनी मला ओटीवर चढू दिले नाही. मालोजीने महिनाभर अबोला धरला, पण दिवाळीला शकूला नवा परकर त्यानेच आणला.

आता माझे दुखणे ऐकून सोनबा "पोर आमची हाय" म्हणत दोनदा येऊन गेला. शकू अवघी पंधरा वर्षांची आहे. मालोजी, तिला तू सांभाळ. हा हुकूम नव्हे, विनंती आहे.

शकू, तुझ्यावर माझा फार जीव आहे. फेरीत एखादा हात खटकला तर माझ्यासारखी तीन महिने थांबू नकोस.

सोनबा कोर्टात गेला तर मी नसेन, म्हणून माझा जबाब इथेच घ्यावा. डाव्या मनगटावर तापल्या उलथन्याचे पाच डाग, उजव्या दंडावर दोन. मी या डोळ्यांनी पाहिले. मेले तरी हा जबाब मागे घेणार नाही.

महाड, ता. २२ नोव्हेंबर १९६१
तुळजाबाई दत्ताराम कासार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: रावजी तांबट, जलील अब्बास, बांगड्यांचे व्यापारी

वाचले. पोर कुठेही जाणार नाही.
मालोजी दत्ताराम कासार, सही